अकोल्याला उतरलो नाही

बडनेऱ्याच्या फलाटावर बाबांनी माझी बॅग बाकावर ठेवली, खांदा चोळला आणि म्हणाले, "एका मुक्कामाले एवढं काय भरलं रे?"

"पुस्तकं आहेत. ताईले वाचायले," मी म्हणालो.

बॅगेत एकही पुस्तक नव्हतं. चार शर्ट, दोन पँट, एक चादर, शाळेपासूनची सगळी प्रमाणपत्रं आणि मुंबईच्या एका मालिका-दिग्दर्शकाचं पोस्टकार्ड. अमरावतीच्या एकांकिका स्पर्धेत त्यांनी माझं काम पाहिलं होतं आणि जाताना पत्ता लिहून घेतला होता. ‘सोमवारी सकाळी या. सीन उतरवून घेणारा माणूस हवा आहे,’ एवढंच कार्डावर होतं. त्या दिवशी शनिवार होता आणि दिवाळी चार दिवसांवर आली होती.

कार्ड बाबांनीही वाचलं होतं. ते भातकुली तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मास्तर होते. कोणाचंही पत्र आधी त्यांच्या हाती पडायचं. वाचून त्यांनी ते माझ्याकडं दिलं आणि म्हणाले, "मुंबई काई पळून नाई चालली. ताईले आण, दिवाळी कर, मंग जाय."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, शोभा. त्या उन्हाळ्यातच तिचं लग्न झालं होतं आणि ती अकोल्याला जुन्या शहरात नांदत होती. आमच्याकडं लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला लेक आपली आपण माहेरी येत नाही. भाऊ तिच्या सासरी जातो, सासूच्या हाती खण-नारळ आणि फराळाचा डबा देतो, एक रात्र पाहुणा म्हणून राहतो आणि सकाळी बहिणीला घेऊन निघतो. त्याला मुराळी म्हणतात. मी तिचा एकुलता एक भाऊ. मुराळी मीच होतो.

तिकिटाच्या रांगेत मी उभा राहिलो. बाबा तिकडं सामानापाशी. खिडकीतल्या माणसानं विचारलं, कुठलं? मी म्हणालो, मुंबई. आवाज इतका हळू होता की त्यानं पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा मात्र मी नीट, स्पष्ट सांगितलं. म्हणून मला आजही असं म्हणता येत नाही की घोटाळा झाला, तोंडातून निघून गेलं.

गाडी दुपारची होती. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, अकोला आलं. ज्यांना हा रस्ता ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मुंबईची गाडी ताईच्या गावावरूनच जाते. स्टेशनापासून तिचं घर रिक्षानं पंधरा मिनिटं. गाडी सात-आठ मिनिटं थांबते. मी उठलो, बॅग घेऊन दारापर्यंत आलो. फलाटावरून एक बाई दोन गाठोडी घेऊन चढत होती. ती म्हणाली, "उतरता काय? नाई उतरत तं बाजूले व्हा."

मी बाजूला झालो.

आईनं ताईच्या सासूसाठी दिलेला अनारशांचा डबा मी मुंबईत अकरा दिवस पुरवून खाल्ला.

दिवाळी संपल्यावर बाबांचं पत्र आलं. त्यात रागाचा एक शब्द नव्हता. ‘शोभा पोचली. तिच्या सासूबाई स्वतः घेऊन आल्या. तू सुखरूप असशीलच. प्रकृतीस जपावे.’ एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा बाकीचं आईकडून कळलं. ताई शनिवारी संध्याकाळपासून ओट्यावर बसून होती, ट्रंक शेजारी घेऊन. रविवारीही तशीच. सोमवारी सकाळी तिच्या सासूनं छत्री उचलली, ट्रंक मोठ्या लेकाच्या डोक्यावर देऊन एसटी स्टँडपर्यंत आणवली आणि दोन गाड्या बदलून सुनेसह आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. "घ्या गुरुजी," ती म्हणाली, "मुराळी मीच."

पहिल्या दिवाळीला सुनेला सासूनं स्वतः आणून सोडावं, हे आमच्या गावानं तोवर पाहिलं नव्हतं. बाबा हात जोडून उभे राहिले. त्यांची मान वर होईना. त्या माउलीनं तांब्याभर पाणी मागितलं, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "लयच खारं हो पाणी तुमच्याकडचं. अशा पाण्यावर पोरगी एवढी गोड कशी काय निंगाली?" खारपाणपट्टा आहे आमचा, विहिरीला खारंच लागतं. आई सांगायची, ते ऐकून अंगणातले सगळे हसले, बाबाही हसले, आणि मग कोणी माझं नावच काढलं नाही.

या बाईंना मी मावशी म्हणतो. पुढं जे मी केलं ते समजायला हे आधी सांगणं भाग होतं.

तुम्ही जे गावाकडंच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे कधीतरी एक बॅग घेऊन निघालात, दोघांनाही ठाऊक असेल की नव्या जागी आधी बदलते ती जीभ. पहिल्याच दिवशी मला विचारलं, काय करतोस? मी म्हणालो, "सीन लिहून राहिलो, सर." खोलीतली सहाही माणसं हसली. वाईट हसली नाहीत, पण हसली. दोन महिन्यांत मी ‘लिहितोय’ म्हणायला शिकलो. तीन वर्षांनी एसटीडी बूथवरून गावच्या दुकानात फोन लावला, तर बोलवून आणलेली आई म्हणाली, "सायबावानी बोलते तू. माह्यासंगं तरी नीट बोल."

काम मात्र मला आवडलं. एक ज्येष्ठ लेखक सांगायचे, मी उतरवून घ्यायचो, कार्बन लावून तीन प्रती. बाबांनी पाटीवर गिरवून घेतलेलं अक्षर उपयोगी पडलं. पुढं त्यांना संवाद सुचेनासा झाला की मी एखादी ओळ पुढं करायचो. ते न बोलता ती घ्यायचे. असं करता करता सात वर्षांनी पडद्यावर माझं नाव आलं, पंधरा वर्षांनी स्वतःची निर्मितीसंस्था झाली. दोन चित्रपट केले, एक चालला, एक कोणी पाहिला नाही. मालिका मात्र चालत राहिल्या.

आणि या सगळ्या काळात मी माझी वऱ्हाडी बोली कोणाच्या तोंडी घातली? वॉचमनच्या. ड्रायव्हरच्या. स्वयंपाकाला येणाऱ्या बाईच्या. माझा पहिला गाजलेला संवाद एका बावळट नोकराचा होता. मधल्या सुट्टीत लोक तो एकमेकांना म्हणून दाखवायचे. त्या नोकराचं ‘मले काय करा लागते’ हे माझ्या बाबांचं होतं. ते दाराच्या चौकटीत उभे राहून असंच म्हणायचे. बाबांनी तो भाग पाहिला होता की नाही, मी कधी विचारलं नाही. आता विचारण्याची सोय नाही.

पण ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते वेगळं आहे.

सात वर्षांपूर्वी माझी एक रोजची मालिका होती. भाऊ-बहिणीची. रोजच्या मालिकेत बँक लागते. बँक म्हणजे पुढचे भाग आधीच चित्रित करून ठेवलेले असणं. आमची बँक संपली होती. उद्या सकाळी शूट आणि आज दुपारी पानावर काही नाही. चॅनेलच्या मीटिंगमध्ये मी डोळे मिटले आणि जे सगळ्यात जवळ होतं ते बाहेर काढलं. म्हणालो, पहिली दिवाळी आहे, बहीण ट्रंक घेऊन ओट्यावर बसली आहे, दोन दिवस वाट पाहते, भाऊ येत नाही.

चॅनेलची मुलगी हुशार होती, तिचे डोळे भरले. मग तिनं डोळे पुसून विचारलं, "पण सर, भाऊ का येत नाही?"

"नाही येत. मुंबईला निघून जातो."

"मग लोक भावाला शिव्या देतील. भाऊ आपला हिरो आहे, सर." तिनं थोडा विचार केला. "सासू आहे ना घरात?"

माझ्यासमोर चहा होता. तो निवायच्या आत मी सगळं सांगून मोकळा झालो. भाऊ येतो. सासू त्याला दारातच अडवते. सांगते, ती तर कालच गेली. त्याला खोटं बोलून परत पाठवते आणि आत येऊन सुनेला म्हणते, तुझ्या भावाला तुझी आठवण नाही. सगळ्यांनी टेबलावर हात आपटले.

इतकंच करून थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. संध्याकाळी कलादिग्दर्शकानं विचारलं, घर कसं दाखवू, काही फोटो आहे का? आमच्या धंद्यात फोटो देणं ही रोजची गोष्ट. मी मोबाइलमध्ये शोधला आणि पाठवून दिला. भाच्याच्या बारशाचा जुना फोटो होता, मोबाइलवर उतरवून ठेवलेला: निळ्या चुन्याची भिंत, दगडी ओटा, ओट्यावर मावशी, मांडीशेजारी काळी छत्री. त्यानं भिंत तशीच रंगवली. वेशभूषेच्या मुलीनं लुगडं तसंच आणलं. आणि अभिनेत्रीच्या हातात छत्री दिली. ‘पाय धू, मंग बोल’ हे मावशीचं रोजचं वाक्य मीच संवादात टाकलं, कारण ते चांगलं होतं.

तो आठवडा आमचा सगळ्यात जास्त पाहिला गेला. सेटवर केक कापला.

चार दिवसांनी ताईचा फोन आला.

"दिनू, तुही सिरियल पाह्यली."

"कशी वाटली?" मी विचारलं. हो, मी खरंच विचारलं.

"आत्याबाई तीन दिवसांपासून ओट्यावर नाई बसल्या." ती सासूला आत्याबाई म्हणते. "समोरची निमाकाकू म्हंते, काय वो, सुनेच्या भावाले तुमी दारातूनच हाकललं होतं काय? हासत हासत म्हंते. पण म्हंते. भजनातल्या बाया बी म्हंतात." मग ती हळू आवाजात म्हणाली, "दिनू, तू आला नव्हता. तू."

फोन बंद झाल्यावर मी एकटाच बोलत राहिलो, की अगं ते काल्पनिक असतं, सुरुवातीला तशी पाटी असते.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. राखी यायची, पण पाकिटावरचं अक्षर भाच्याचं असायचं. वर्षभरानं आई गेली. बाबा त्याच्या आधीच गेले होते. तेराव्याला ताईनं सगळ्यांना वाढलं, मलाही वाढलं, ‘अजून काय वाढू’ हे मात्र मला सोडून सगळ्यांना विचारलं. मी माझी समजूत घालत राहिलो: मालिका संपेल, लोक विसरतील. मालिका संपली. लोक विसरलेही असतील. पण ज्या गल्लीत तुम्ही जन्म काढलाय तिथले लोक म्हणजे प्रेक्षक नसतात.

यंदा मी अमरावतीजवळच्या नांदगाव पेठला एक चित्रपट करत होतो. तिथल्या कपड्याच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या बायकांची गोष्ट. या वेळी ठरवलं होतं की नायिका वऱ्हाडी बोलेल आणि तिच्यावर कोणी हसणार नाही. संवाद मीच लिहिले होते. पहिल्या दिवशी तिथल्या खऱ्या कामगार बायकांना ते वाचून दाखवले, तर एक मीनाबाई म्हणून होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. "असं कोण बोलते हो, सर? हे तं तुमी टीव्हीतलं वऱ्हाडी लिवलं." मग त्यांनी ओळीमागून ओळ दुरुस्त केली. मी शाळेतल्या पोरासारखा लिहून घेत होतो. तीस वर्षांत मी आपलीच भाषा विसरून तिची नक्कल करायला लागलो होतो, हे मला तिथं कळलं. वाईट वाटलं, पण खूप दिवसांनी काहीतरी खरं हाती लागतंय असंही वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत मीनाबाईंनी माझ्या ताटात अंबाडीची भाजी वाढली आणि सहज विचारलं, "ते भाऊ-बहिणीची सिरियल तुमचीच होती ना? त्या छत्रीवाल्या सासूले आमी लय शिव्या देल्या. खरंच असते काय हो अशी बाई?"

"नसते," मी म्हणालो.

"मंग कावून दाखवली?"

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी जनरेटर बिघडला आणि शूटला सुट्टी द्यावी लागली. मी ड्रायव्हरला म्हणालो, अकोल्याला घे.

मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलं की गाडी एका ठिकाणी थांबवावीच लागते, पुढं गल्ली. दुपारचे चार वाजले असतील. त्या गल्लीत चार वाजता सगळ्या बायका ओट्यांवर असतात. कोणी लसूण सोलतं, कोणी शेंगा फोडतं. त्या सगळ्या होत्या. निळ्या भिंतीचा ओटा रिकामा होता.

दार ताईनं उघडलं. केस बरेच पिकले होते. तिनं मला पाहिलं, ‘ये’ म्हणाली नाही, ‘जा’ही म्हणाली नाही.

आतून आवाज आला, "कोण आलं वं?"

"मुंबईचे आले," ताई म्हणाली. इतक्या वर्षांत मला कोणी एवढं लागेल असं बोललं नव्हतं.

"पाय धू म्हणा, मंग बोल म्हणा."

मी मोरीत पाय धुतले. मावशी खाटेवर बसल्या होत्या, ऐंशीच्या घरातल्या, बारीक झालेल्या. मी पायाशी बसलो आणि गाडीत जे काही ठरवून आलो होतो ते विसरलो. एवढंच म्हणालो, "मावशी, चूक माझी होती. खोटं मी दाखवलं. तुम्ही तर ताईला घेऊन गेला होता."

"हाव," त्या म्हणाल्या. "मले ठाऊक आहे. माह्यासंगं काय बोलतं? बायेर जा. त्या बायकायले सांग."

"आता?"

"मंग कधी? मी मेल्यावर?"

मी हजारो पानं लिहिली आहेत. शेकडो लोकांसमोर भाषणं केली आहेत. पण ती दहा पावलं मी मोजून टाकली. ओट्यावर उभा राहिलो. मागून मावशी छत्री टेकत आल्या आणि ओट्यावर, आपल्या जागी बसल्या. मी म्हणालो, "मी शोभाताईचा भाऊ. त्या सिरियलमध्ये दाखवलं ते खोटं होतं. मावशींनी कोणालाच परत पाठवलं नव्हतं. मीच आलो नव्हतो. मी मुंबईला पळून गेलो होतो."

लसूण सोलणारे हात थांबले. समोरच्या निमाकाकूंनी चष्मा लावून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हंजे तूच काय तो? आमाले वाटे, भाऊ मेला-बिला असंन." मग त्या मावशीकडं वळल्या. "अन् तुमाले तोंड नव्हतं काय वो? सात वर्सं आमी बोलून राहिलो, तुमी ऐकून राहिल्या. सांगाचं ना!"

"सांगतलं असतं तं तू मानलं असतं काय?" मावशी म्हणाल्या. "टीव्हीत दिसलं थे खरं, अन् म्या सांगतलं थे खोटं."

निमाकाकू उठल्या, गल्ली ओलांडून आल्या आणि मावशीजवळ बसून लसणाची परडी दोघींच्या मध्ये ठेवली. मावशीनं एक गड्डा उचलला.

मी आत स्वयंपाकघरात गेलो. ताई चहा करत होती. पाठमोरी. मला वाटलं, आता बरं झालं, आता संपलं. पण एक गोष्ट उरली होती. ती बाबांना ठाऊक नव्हती, आईलाही नव्हती. घरच्यांची समजूत अशी होती की मी त्या दिवशी मधेच कुठंतरी उतरून रात्रीच्या गाडीनं, झोपेतच अकोला ओलांडून गेलो असेन. मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी माझी गाडी अकोल्याला थांबली होती."

तिचा हात थांबला. "इथं?"

"हो."

"किती वेळ?"

"सात-आठ मिनिटं. मी बॅग घेऊन दारात उभा होतो. उतरलो नाही."

चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला, फडक्यानं ओटा पुसला, फडकं पिळलं, पुन्हा पुसला. मी वाट पाहत होतो की ती आता मला हाकलेल. ती वळली.

"मंग हे कावून नाई टाकलं रे सिरियलीत?" ती म्हणाली. "बहिणीच्या गावाले गाडी थांबते, भाऊ दारात येते, अन् उतरत नाई. तुह्या त्या सासूपेक्षा हे लय चांगलं होतं."

"भाऊ हिरो होता ना, ताई."

"हाव. त्याच्यानंच तं." आणि इतक्या वर्षांनी तिला रडू आलं. मला आधीच आलं होतं. ती डोळे पुसत म्हणाली, "साखर किती टाकू? का तिकडं सोडली तुमी लोकायनं?"

निघताना मी म्हणालो, "या दिवाळीला न्यायला येतो."

"कुठं न्यायले? आई नाई, बाबा नाई. घरात आता रमेश राह्यते." रमेश म्हणजे आमचा चुलतभाऊ, शेतीही तोच करतो.

"मुंबईला. माझ्या घरी."

"मुंबई काय माहेर असते काय?"

याचं उत्तर मी परतीच्या रस्त्यावर शोधत राहिलो. गाव सोडलेल्या माणसाला वाटतं की घर तिकडं मागं राहिलं आहे, आपण कधीही गेलो तरी ते तसंच असेल. आम्ही बाहेर राहणारे त्या घरावर गाणी लिहितो, मालिका लिहितो, रडतो. पण ताईचं माहेर ज्या दिवशी अडलं त्या दिवशी आमचं घर जागेवरच होतं. आई अनारसे करत होती, बाबा अंगण झाडत होते. सगळं होतं. फक्त न्यायला जाणारा माणूस दारात नव्हता. मग माझ्या लक्षात आलं की माहेर बहुतेक त्याच माणसात असतं. तो मुंबईत राहतो की भातकुलीत, हा पुढचा प्रश्न.

दिवाळीच्या तीन दिवस आधी मी अकोल्याला गेलो. या वेळी खण-नारळ नेलं, डबा नेला. माझ्या बायकोला, मंजिरीला, अनारसे जमत नाहीत म्हणून चिवडा नेला. मावशींनी तो चाखून ‘तिखट कमी आहे’ असा शेरा दिला. रात्रभर पाहुणा म्हणून राहिलो. सकाळी ताई तयार झाली, तर मावशीही लुगडं बदलून उभ्या. "मी बी येतो. समुद्राचं पाणी तुमच्या गावच्या विहिरीपरीस खारं असते काय, पाहाचं आहे मले."

आज हे लिहितो तेव्हा दोघी माझ्या गोरेगावच्या घरी आहेत. पंधरा दिवस झाले. ताईनं मंजिरीला गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे कणकेचे रोडगे ओव्हनमध्ये करायला शिकवलं. अर्धे करपले, अर्धे आम्ही खाल्ले. मावशींनी लिफ्टमध्ये भेटलेल्या दोन बायकांच्या लेकरांची सोयरीक जवळपास जमवली आहे. ती छत्रीवाली सासू झालेली अभिनेत्री एका दुपारी भेटायला आली, पाया पडली आणि रडवेली झाली. मावशी तिला म्हणाल्या, "काम तं तू चांगलंच केलं होतं वं, मले बी तुहा राग आला होता. बस, जेव." आणि नांदगाव पेठच्या चित्रपटाचं संकलन संपत आलंय. नायिका पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत मीनाबाईंसारखी बोलते. चालेल की नाही, ठाऊक नाही. पण बाबांनी पाहिला असता तर मी त्यांना विचारू शकलो असतो, कसा वाटला.

हा मजकूर मी कुठंही देण्याआधी आज दुपारी दोघींना वाचून दाखवला. आता ही पद्धतच ठेवली आहे: ज्याची गोष्ट, त्यानं आधी ऐकायची. ताईनं दोन ठिकाणं काढायला लावली. काढली. काय होतं ते विचारू नका.

मावशींनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "सारं बराबर आहे. पण मले लयच चांगली केली तू."

"म्हणजे?"

"मी काय देवी होती काय? त्या सोमवारी म्या शोभाले बोलली होती. म्हटलं, तुह्या भावाची वाट पाहता पाहता माह्या घरातलं काम पडून राहिलं. रागारागानं नेलं तिले एसटीत."

"राग कशाचा आला होता?"

"मले कोणी न्यायले आलं नव्हतं कधी," मावशी म्हणाल्या. कांद्याचा भाव सांगावा तसं. "पह्यल्या दिवाळीले बी नाई, मंग बी नाई. भाऊ नव्हता मले. काका होते, पण कोण येते? अन् ही दोन दिवस अशी बसून, जशी काई कोणी येणारच आहे. मले पाहवलं नाई. माहं डोकं फिरलं."

ताई त्या घरात तीस वर्षं आहे. तिला हे ठाऊक नव्हतं. तिनं हळूच विचारलं, "आत्याबाई, माहेर कोणतं तुमचं?"

मावशींनी पूर्णेकाठच्या एका गावाचं नाव सांगितलं. दर्यापूरकडचं. तिथून तरुणपणी निघाल्या त्या परत गेल्या नाहीत. घर असेल-नसेल. ओळखीचं कोणी असण्याचा प्रश्नच नाही.

मी मोबाइल काढून नकाशात पाहिलं. अकोल्यापासून दोन तासही नाही.

घर म्हणजे काय, हे मला अजून नीट लिहिता येत नाही. माझ्या मालिकांमध्ये ते सगळ्यांना पटकन समजायचं. एवढंच कळलंय की कोणाला न्यायला जायचं राहून गेलंय, हे ज्याला ठाऊक असतं तो अजून घराबाहेर पडलेला नसतो, कुठंही राहत असला तरी.

"परत जाताना तिकडून जाऊ, मावशी," मी म्हणालो. "मी नेतो."

"आता तठी कोण आहे?"

"आमी हावोत ना," ताई म्हणाली.

मावशी उठून बाल्कनीत गेल्या. मला वाटलं, नाही म्हणतील.

"येतो," त्या म्हणाल्या. "पण गाडीत पुढं मी बसीन. मांगं बसलं की मले मळमळते."